सही न केलेली चाळीस पानं

माझ्या घरी सगळ्यांना वाटतं की मी जन्मभर मास्तरकीच केली, त्याआधी काही केलं नाही. ते खरं नाही. मास्तर होण्याआधी सात महिने मी एका तहसील कचेरीत नकला उतरवण्याचं काम केलं. करार अकरा महिन्यांचा होता. सातव्या महिन्यात एका सोमवारी मी कुणालाही न सांगता निघून गेलो आणि माझ्यासमोर बसून काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाची अब्रू त्यात गेली. तो माणूस आता नाही. त्याच्यावर आलेला आळ खोटा होता, हे सांगू शकणारा त्या वेळी मी एकटाच होतो. म्हणून आता लिहितो आहे. कचेरी कोणत्या गावची ते सांगत नाही. त्या गावाकडे यात काही दोष जात नाही.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत होते आणि सोलापूरकडून बदलून आलेल्या नव्या मंडळींना त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं. म्हणून जुन्या पहाणीच्या, म्हणजे शेतवार नोंदींच्या, वह्या मराठीत उतरवायचं काम निघालं. माझी शाळा उर्दूत झालेली, घरची भाषा मराठी, त्यामुळे मला घेतलं. छापील उर्दू मला चांगलं येत होतं, पण जुन्या कारकुनांचं पळतं हस्ताक्षर वाचता येत नव्हतं. ते वाचायला एक मुन्शी होते. पन्नाशी ओलांडलेले, जुन्या राजवटीत तिथंच नोकरीला असलेले, आणि आता माझ्यासारखेच करारावर.

काम जोडीनं चालायचं. मुन्शीजी उर्दू वही समोर घेऊन मोठ्यानं वाचत. सर्व्हे नंबर, खातेदार, क्षेत्र, पीक, कूळ असेल तर त्याचं नाव. मी मराठीत लिहीत असे. पान झालं की मी लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि त्यांनी मूळ वहीवर बोट ठेवून ताडून बघायचं. शनिवारी आठवड्याची सगळी पानं एकत्र करून प्रत्येकाखाली दोघांनी सह्या करायच्या. एकाच सहीचं पान ग्राह्य धरत नसत. करारनाम्यात कलम होतं, की मुदतीआधी काम सोडायचं तर महिनाभर आधी लेखी कळवावं आणि हातातले कागद समजावून देऊन जावं. मी ते वाचून खाली सही केली होती.

पहिल्याच दिवशी मुन्शीजींनी माझी चौकशी सुरू केली.

"मामाचं गाव कोणतं?"

"येडशीजवळ."

"जवळ म्हणजे? येडशीच्या आसपास धा गावं हाईत."

मी गावाचं नाव सांगितलं. मामाचंही सांगितलं. मग बहीण कुठं दिली, आत्या कुठं, चुलत्यांची जमीन कुठं. ते एका छोट्या वहीत सगळं उर्दूत टिपून घेत होते.

"मुन्शीजी, माझी सोयरीक जमवताय का?"

"तुमच्यासारख्या काटकुळ्या नवरदेवाला पोरगी कोन देतो? शिक्षक व्हायचा अर्ज केलाय म्हणालात ना? मग आधी मास्तर व्हा, मग बघू." आणि वही खिशात टाकून म्हणाले, "हे लिहून ठेवावं लागतं."

का लिहून ठेवावं लागतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. त्या दिवसापासून ते मला मास्तर म्हणू लागले, आणि माझ्या सगळ्या नातेवाइकांची यादी या माणसाला कशाला हवी, हा विचार माझ्या डोक्यात बसला.

त्या कचेरीत त्या वेळी संशय घ्यायला फार काही लागत नसे. ज्यांना उर्दू येत नव्हतं त्यांना उर्दू येणाऱ्यांचा संशय. जुन्यांना नव्यांचा. निजाम जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती आणि त्या धामधुमीत कोणी कोणाचं काय केलं, हे लोक विसरले नव्हते. मुन्शीजींशी सगळे अदबीनं बोलायचे, पण ते खोलीतून बाहेर गेले की आवाज बदलायचा. आमचे अव्वल कारकून सोलापूरकडचे होते. त्यांनी एकदा मला बाजूला घेतलं.

"ते वाचतात ते तुम्हाला समोर दिसतं का?"

"वही त्यांच्याकडं असते, साहेब. आणि हाताचं अक्षर मला फारसं लागत नाही."

"म्हणजे ते वाचतील तेच खरं. उद्या एखाद्याचं शेत दुसऱ्याच्या नावावर वाचलं, तर लिहिणारे तुम्ही आणि सही करणारेही तुम्हीच."

"तसं कसं करतील?"

"मी कुठं म्हणतो करतील? गादीखाली काय सरकवतात, तेवढं जरा बघून ठेवा."

गादीखाली ते काही सरकवतात हे मी आधीच पाहिलं होतं. वाचता वाचता मुन्शीजी एखाद्या पानाशी थांबत. भिंग जवळ नेऊन नाव पाहत. मग ते पान दोऱ्यातून अलगद काढून गादीखाली ठेवत आणि पुढचं वाचायला घेत. मला वाटायचं, फाटलेलं असेल, वाळवीनं खाल्लेलं असेल. अव्वल कारकुनांनी म्हटल्यावर मी ती पानं नीट पाहू लागलो. ती धडधाकट असत.

मग मला दुसरं काही दिसेनासंच झालं. ते खोकले की वाटायचं, ओळ गाळली. बोट ओळीच्या पुढं गेलं की वाटायचं, पुढचं बघून काहीतरी जुळवताहेत. एकदा मी मुद्दाम म्हणालो, "मुन्शीजी, तिसरी नोंद परत वाचा, ऐकू आली नाही." त्यांनी वाचली. अक्षराचाही फरक नव्हता. तासाभरानं मी तीच नोंद पुन्हा विचारली.

"कान दुखतो का, मास्तर? तेल टाका गरम करून."

पुन्हा तसंच वाचलं. मला लाज वाटायला हवी होती. मी मनात म्हटलं, पाठ करून ठेवलं असणार.

एके दिवशी मुन्शीजींचा मेहुणा कचेरीत आला; दारात शिपायाला त्यानं आपलं नाव आणि नातं सांगितलं ते मी ऐकलं. बैलगाडीतून उतरलेला, अंगावर शेतातली धूळ असलेला शेतकरी माणूस. मुन्शीजी त्याला आवारातल्या कडुलिंबाखाली घेऊन गेले. मी खिडकीतून पाहत होतो. मेहुणा हात जोडून काहीतरी मागत होता आणि मुन्शीजी मान हलवून नाही म्हणत होते. शेवटी मेहुणा रागानं निघून गेला. आज मला ते जसं होतं तसं दिसतं: एक माणूस आपलं काम लवकर करून मागतोय आणि दुसरा नाही म्हणतोय. त्या दिवशी मला दिसलं ते असं, की सौदा ठरत नाहीये.

पुढच्या शुक्रवारी दुपारी ते नमाजाला गेले असताना मी त्यांची गादी उचलली. खाली कागदांची छोटी चळत होती. वरचं पान घेऊन खिडकीशी नेलं आणि नाव लावत बसलो. बऱ्याच वेळानं लागलं. मेहुण्याचंच होतं. दुसरं पानही त्याचंच. तिसऱ्याला हात घातला तेवढ्यात पडवीत पावलं वाजली. मी कागद होते तसे ठेवले आणि जागेवर येऊन बसलो. पाणी भरणारा शिपाई होता, आत न येताच पुढं गेला. मी पुन्हा उठून उरलेली पानं पाहू शकलो असतो. उठलो नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं.

संध्याकाळी मी अव्वल कारकुनांना सांगितलं. ते खूश झाले असं म्हणणार नाही. खुर्चीत सरळ होऊन बसले.

"लिहून द्या."

"मी?"

"मग कोण? तुम्हीच पाहिलंत ना?"

"मी फक्त दोनच पानं पाहिली, साहेब. मुन्शीजींना एकदा विचारलं तर?"

"विचारा आणि रात्रीतून कागद गायब होऊ द्या. तुम्ही अगदीच भोळे आहात. सोमवारी लेखी द्या."

शनिवारी त्या आठवड्याची चाळीस पानं सहीसाठी पुढं आली. मुन्शीजींनी आपल्या सह्या केल्या आणि गठ्ठा माझ्याकडं सरकवला. मी म्हणालो, हात दुखतोय, सोमवारी करतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"कानाचं हातात उतरलं व्हय?" असं म्हणून हसले आणि टोपी घालून घरी गेले.

घरी मला शाळाखात्याचा हुकूम आलेला होता. तुळजापूरच्या पलीकडच्या एका खेड्यात शिक्षकाची जागा, आठ दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर नाव रद्द. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना होता: सध्या अन्य सरकारी कामावर आहात काय? करारावर लागण्याच्या आधीच मी तो अर्ज भरला होता, त्यामुळे तिथं 'नाही' लिहिलं होतं. पुढं कळवायला हवं होतं, ते कळवलं नव्हतं. आता महिनाभराची सूचना द्यायची तर जागा जाणार. रीतसर सुटका मागायची तर अव्वल कारकून आधी तक्रार लिहून मागणार. तक्रार द्यायची तर मुन्शीजींसमोर उभं राहावं लागणार. रविवारभर मी हेच उलटसुलट केलं. मग स्वतःला सांगितलं, करार सरकारशी आहे. एक लिहिणारा गेला तर सरकार दुसरा आणेल, त्यात कुणाचं काय जातं? सोमवारी पहाटेच्या गाडीनं मी तुळजापूर गाठलं. दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही.

माझ्या जाण्याचा अर्थ कचेरीनं काय लावला, ते मला सव्वा महिन्यानं कळलं. मामा शाळेत आले. वर्गाबाहेर बोलावून म्हणाले, "तुझ्या त्या मुन्शाची गादी उचलली की सोलापूरकडच्या साहेबानं. चारचौघांत."

"का?"

"का म्हंजे? चाळीस पानांवर तू सही केली न्हायस अन पळालास. साहेब म्हनला, पोरानं काहीतरी बघितलं असनार, त्याबिगर चालती नोकरी सोडून कोन जातंय."

"काय निघालं गादीखाली?"

"अकरा कागद. त्यात त्याच्या मेहुन्याचे हायेत, आनिक कोना सोयऱ्याचे. अन तीन माझे."

मला नीट समजेना. "तुमचे? तुमचे कशाला?"

"म्हातारा म्हनला, हे लिवनारं पोरगं त्यांचं भाचं हाय. मामाचा कागद भाच्यानं लिवायचा न्हाय, मेहुन्याचा कागद म्या वाचायचा न्हाय. जुन्या कचेरीची रीत हाय म्हनं. असे कागद बाजूला काढून दुसऱ्या जोडीला द्यायचे. दुसरी जोडी यायची हुती, म्हनून राखून ठिवले."

मी तिथंच पायरीवर बसलो. पहिल्या दिवशीचे सगळे प्रश्न आठवले: मामाचं गाव, बहिणीचं गाव. माझे नातेवाईक कोणते हे कळल्याशिवाय माझे कागद बाजूला कसे काढणार? आणि मी तिसरं पान उचललं असतं तर कदाचित ते मामाचंच निघालं असतं.

"मग यात त्यांची चूक काय?" मी म्हणालो.

"ते मला कशाला इचारतो? साहेब म्हनला, कुठल्या कायद्यात लिवलंय दाव. म्हाताऱ्याकडं काय हाय दावायला? तो म्हनतो, त्या पोराला इचारा, हे त्याचे मामा हायेत का न्हाय." मग मामा जवळ सरकले. "तर आता तुला कागद यील. तू म्हन, वळखत न्हाय."

"पण तुम्ही मामाच आहात."

"मामा हाय ते घरात. कागदावर कशाला?"

"असं का करायचं?"

"त्या वहीत माझ्या दोन रानांवर कूळ लावलंय. म्हाताऱ्याचं काम खोटं ठरलं तर वहीवरबी शक येतोय, मंग कूळ काढाया सोपं. तू काय खोटं बोलू नगंस. नुसता गप ऱ्हा."

आठ दिवसांनी कचेरीचं पत्र घरच्या पत्त्यावरून फिरून आलं. दोन गोष्टी विचारल्या होत्या. मुदतीपूर्वी काम का सोडलं? आणि अमुक अमुक खातेदार आपले मामा आहेत, असं मुन्शी म्हणतात, ते खरं आहे काय? दुसऱ्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर होतं आणि त्या एका शब्दानं त्यांची मान सुटत होती. पण तो शब्द लिहायचा तर मला जबाबाला बोलावणार, पत्रव्यवहार शाळाखात्याकडं जाणार, मी सरकारी करार मोडून, ते लपवून इथं आलो हे उघड होणार आणि माझी जागा जाणार. मला तिथं लागून जेमतेम दीड महिना झाला होता. मामांनी गप राहायला सांगितलं म्हणून मी तसं केलं, असं मी बरीच वर्षं मानत आलो. तेही खरं नाही. मामा आले नसते तरी मी हेच केलं असतं.

मी लिहिलं: प्रकृती अस्वास्थ्यामुळे काम सोडावे लागले. अन्य बाबींविषयी माहिती नाही.

मुन्शीजींना काढलं. लबाडीचा संशय असा शेरा मारून काढलं, म्हणजे पुन्हा कोणत्याही कचेरीत त्यांना कुणी घेणार नव्हतं. ती चाळीस पानं रद्द झाली. मामांच्या रानावरचं कूळ वर्षभरात निघालं. कोणत्या कागदाच्या आधारानं निघालं, हे मी मामांना कधी विचारलं नाही.

दोन वर्षांनी दिवाळीच्या सुटीत मी त्या गावी गेलो. मुन्शीजी कचेरीच्या समोर एका पत्र्याखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देत होते. मराठीत. मला पाहून त्यांनी समोरच्या बाईचा अर्ज पुरा केला, तिला वाचून दाखवला, तिचा अंगठा घेतला, आणि मग म्हणाले, "उभे का, मास्तर? बसा."

मी बसलो.

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मीच आलो."

"मामांनी?"

"नाही."

"मग साहेबांनी? की आता मास्तरांना कुणाविरुद्ध अर्ज लिहून पाहिजे?"

मी खिशातून कागद काढला. त्यात मी सगळं लिहून आणलं होतं: गादीखालचे तीन कागद माझ्या मामांचे होते, मला संशय आला तो मी त्यांना विचारला नाही, आजारपणाचं कारण खोटं होतं. त्यांनी भिंग घेतलं आणि मराठी अक्षरांवरून हळूहळू फिरवलं. पार शेवटपर्यंत वाचलं.

"अक्षर सुधारलं तुमचं," ते म्हणाले. "तारीख कुठाय?"

मी तारीख घातली नव्हती. "मला नोकरीत कायम व्हायला अजून चार महिने आहेत, मुन्शीजी. तोवर हा तुमच्यापाशी राहू द्या. मग मी येऊन तारीख घालतो."

त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. मग कागद माझ्याकडं सरकवला.

"हा माझ्या घरात नक्को. उद्या कुणाला सापडला तर म्हणतील, म्हाताऱ्यानं पोराला धरून लिहून घेतला. तारीखबी न्हाय. तुम्हीच म्हणाल, जबरदस्ती केली."

"मी असं कसं म्हणेन?"

"ते मला काय ठाऊक? तुम्ही मागं निघून जाल, हेबी मला ठाऊक नव्हतं." आवाज चढवला नाही. "एक सांगा. शक आला, तर मला इचारलं का न्हाय? समोरच तर बसलो होतो सात महिने."

मी म्हणालो, "भीती वाटली."

"माझी?"

"नाही. तुम्ही खरं सांगितलंत तर काय करायचं, याची."

हे त्यांना पटलं की नाही, कळलं नाही. त्यांनी टाक शाईत बुडवून माझ्या हातात दिला. "मग आजची तारीख घाला. समोर कचेरीत नेऊन द्या. पोच घ्या आणि मला आणून दाखवा. मी इथंच हाय. माझ्याकडून ह्याच्यापेक्षा जास्ती इश्वास होणार न्हाय, मास्तर."

मी तारीख घातली. रस्ता ओलांडून कचेरीत गेलो. आवकच्या टेबलाशी नवा कारकून होता, मला ओळखत नव्हता. "काय पाहिजे?" म्हणाला. कागद माझ्या हातात होता. मी म्हणालो, जरा एका माणसाची वाट बघतोय. मग पडवीत गेलो, आमच्या जुन्या खोलीवरून पुढं गेलो, आणि मागच्या दारानं बाहेर पडून मोटारींच्या अड्ड्यावर आलो.

चार महिन्यांनी मी कायम झालो. हुकूम हातात आला तेव्हा तरी जायला हवं होतं, तेव्हा भीती पुष्कळ कमी झाली होती. कागद माझ्या पेटीत होता. पुढंही दरवर्षी सुट्ट्या येत होत्या, ते गाव गाडीच्या वाटेवरच होतं, आणि मुन्शीजी आणखी सहा-सात वर्षं त्या पत्र्याखाली बसत होते. मी गेलो नाही, कारण भेटल्यावर त्यांनी सगळ्यात आधी पोच मागितली असती.